सामाईक भिंत

चारही बाजूंनी आपल्याच भिंती असतील असं घर हवं, हा वहिनीचा फार जुना ध्यास. त्यात चुकीचं काही नव्हतं. ज्या देशात माणसं ठेवायला जमीन पुरत नाही तिथे ती एकावर एक रचावी लागतात, आणि वहिनी अशाच एका रचलेल्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहत होती. डोक्यावर कुणाच्या तरी खुर्च्या सरकायच्या, पायाखाली कुणीतरी शिंकायचं, आणि डावीकडच्या घरातली नवरा-बायकोची भांडणं इतकी स्पष्ट ऐकू यायची की वहिनीला मनातल्या मनात बाजू घ्यावी लागायची. बहुतेक वेळा ती बायकोची घ्यायची. प्रत्येक वेळी नाही.

ही कुणाची सख्खी वहिनी नव्हे. तिचा नवरा पाणीखात्यात कारकून, त्याला सगळी इमारत दादा म्हणायची, म्हणून ही वहिनी. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेलेली. वहिनी घरी कपडे शिवायची, आणि तिचं मशीन सुरू झालं की खालच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक जिना चढून वर यायचे. लिफ्टने नाही, जिन्याने. दार उघडल्यावर धाप लागलेली दिसावी म्हणून. "वहिनी, तुमचं मशीन माझ्या डोक्यातून चालतं हो," एवढंच म्हणायचे आणि खाली जायचे. वहिनी मग हातशिलाई घेऊन बसायची आणि प्राध्यापकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, अर्थात तोंडातल्या तोंडात, कारण तोही त्यांना ऐकू गेला असता.

राहिली उजवीकडची भिंत. तिच्यापलीकडे मावशी.

मावशी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची मुख्य होती. शेकडो पोरांना जेवू घातलं, स्वतःचं असं कुणी नाही. एक भाचा, तोही समुद्रापलीकडे. तिचा पलंग आणि वहिनीचं मशीन एकाच भिंतीला पाठ लावून होते. एकदा मावशीला ताप चढला, उठवेना, तेव्हा तिने काठीच्या मुठीने भिंत ठोकली आणि वहिनी धावत गेली. त्या दिवसापासून रीतच पडली. सकाळी जाग आली की मावशी भिंतीवर टकटक करायची. म्हणजे, उठले गं, आहे अजून. वहिनी हातातली कात्री उलटी धरून इकडून टकटक करायची. म्हणजे, कळलं हो. उत्तर आलं नाही तर मावशी थांबायची नाही, येईपर्यंत ठोकत राहायची. आंघोळीला गेलेली वहिनी अंगाला साबण तसाच ठेवून ओरडायची, "आले, आले, मेले नाही मी!" आणि दादा बाहेरून म्हणायचा, "तिनं विचारलंय कुठं? ती तिचं सांगतेय."

अशा वेळी कुणी वहिनीला विचारलं असतं, तर ही टकटक हा त्रास आहे की सुख, हे तिला सांगता आलं नसतं. सवय होती, बस्स.

मग शहराच्या टोकाला, बसच्या शेवटच्या थांब्यापाशी, सुटी सुटी घरं निघाली. प्रत्येकाला स्वतःचं कुंपण, स्वतःची पायरी, स्वतःचं छप्पर. वहिनी बघून आली आणि दोन दिवस दुसरं काही बोललीच नाही.

"वेगळं घर घेऊन करणार काय?" दादा म्हणाला. "इथे लोक आपल्याला कंटाळलेत. तिथे आपणच आपल्याला कंटाळू."

"तुम्ही खुशाल कंटाळा. मी मशीन चालवीन," वहिनी म्हणाली.

दादा भांडला नाही. बायकोने पंधरा-वीस वर्षं कुजबुजत संसार केला, हे त्यानेही पाहिलं होतं. पण नवं घर घ्यायचं तर हे विकायला हवं, आणि हे काही विकलं जाईना. पहिल्यांदा आलेलं जोडपं खूश होतं. खिडकी आवडली, उजेड आवडला, आणि नेमकी पलीकडून टकटक सुरू झाली. बाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने भिंतीला कान लावला. "इतकं ऐकू येतं?" असं म्हणून जे गेले ते गेलेच. त्यांच्यामागून एक गृहस्थ आले, त्यांच्याही बाबतीत तेच झालं. वहिनी आतून चिडली. झाकली मूठ सव्वा लाखाची असते आणि ही म्हातारी रोज सकाळी मूठ उघडून दाखवते!

तिसऱ्या वेळी ती आदल्या संध्याकाळी मावशीकडे गेली. "मावशी, उद्या सकाळी घर बघायला लोक येतायत. उद्याचा दिवस ठोकू नका हं."

"नाही ठोकत. पण मी उठले हे तुला कळणार कसं?" मावशीने विचारलं.

"मी येऊन बघून जाईन की."

ती लगबगीत बघायला गेलीच नाही, ही गोष्ट वेगळी. पण मावशीने शब्द पाळला. भिंतीपलीकडे इतकी शांतता होती की जणू कुणी राहतच नव्हतं.

आलेला माणूस बस चालवायचा. बायको किडकिडीत, दमलेली. दोन हातांना दोन जुळ्या मुली. मुली चारेक वर्षांच्या, आणि घरात पाऊल टाकल्यापासून त्यांनी हाताला लागेल ते वाजवायला घेतलं होतं: कपाट, दार, मशीनचं झाकण. आई त्यांचे हात धरून धरून थकली होती. खोल्या बघून झाल्यावर तिने वहिनीला बाजूला घेतलं.

"वहिनी, खरं सांगा. शेजार कसा आहे? भिंती जाड आहेत ना? आमच्या मुली फार दंगा करतात हो."

खरं सांगा, असं स्पष्ट म्हणाली होती ती. वहिनीला पुढे कितीतरी दिवस ते दोन शब्द तसेच्या तसे आठवत राहिले.

"चांगल्या जाड आहेत," वहिनी म्हणाली. "आणि पलीकडे एकटी म्हातारी राहते. तिचा तर अजिबात आवाज नसतो."

घर विकलं गेलं.

निरोप घ्यायला वहिनी गेली तेव्हा मावशीने तिचा हात हातात घेऊन ठेवला. रडली वगैरे नाही, ती रडणाऱ्यांतली नव्हतीच. एकच गोष्ट तिने मागितली. "त्या नव्या लोकांना आपलं टकटकीचं सांगशील ना गं? मी सांगितलं तर त्यांना वाटेल, म्हातारी पहिल्याच दिवशी गळ्यात पडली. तू सांगितलंस तर बरं दिसेल."

"सांगेन हो मावशी. ते काय सांगणं आहे?"

आता सांगायचं म्हणजे काय करायचं, तर भिंत पातळ आहे हे कबूल करायचं. वहिनीने ठरवलं, कागदपत्रं होऊ देत, मग सांगू. कागदपत्रं झाली. किल्ल्या देताना सांगू म्हणाली. तेव्हा बसचालक इतका आनंदात होता की तिला धीर झाला नाही. सामान लावून झाल्यावर फोन करू म्हणाली. सामान लावून झालं. आता व्यवहार पक्का होता, घर परत द्यायला कुणी येणार नव्हतं, सांगून टाकायला काहीच हरकत नव्हती. पण आता सांगणं म्हणजे आपण तोंडावर खोटं बोललो हे सांगणं. आज करते, उद्या करते असं करत तो फोन राहून गेला. आणि वहिनीला आतून ठाऊक होतं, की राहून गेला नाही, आपण राहू दिला.

नव्या घरात वहिनीने मशीन मनसोक्त चालवलं. भल्या पहाटे चालवलं, भर दुपारी चालवलं. जिना चढून कुणी आलं नाही, कारण जिनाच नव्हता. गिऱ्हाईकही आलं नाही. इमारतीत बायका लिफ्टमधून उतरता उतरता फाटका परकर टाकून जायच्या. इथे प्रत्येक बाई आपापल्या कुंपणात होती आणि कुंपण ओलांडायला काहीतरी निमित्त लागतं. दादाला ऑफिसला जायला दोन बस बदलाव्या लागत. तो एकदाही "मी म्हणालो होतो" असं म्हणाला नाही, आणि त्याचं ते न म्हणणं वहिनीला जास्त टोचायचं.

महिनाभराने मावशीचा फोन आला. आवाज नेहमीसारखा खणखणीत.

"बरी आहेस ना? हे बघ, नवी माणसं भारी गुणी आहेत गं. मुली आहेत की नाहीत कळत नाही. पण मी ठोकलं की उत्तर देत नाहीत. मी ठोकत राहते, तर आणखीनच गप्प होतात. तू सांगितलंयस ना त्यांना?"

एवढी सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. नाही सांगितलं मावशी, विसरले, आजच सांगते, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"सांगितलंय की!" ती म्हणाली. "लाजत असतील. नवीन आहेत."

"तेच म्हटलं मी. ती मुलींची आई कॉरिडॉरमध्ये दिसली तरी मान खाली घालून सटकते. असू दे. ऐकतायत ना, तेवढं पुरे. उत्तराचं काय एवढं." असं म्हणून मावशीने फोन ठेवला.

वहिनीने त्याच क्षणी जुळ्यांच्या आईचा नंबर काढला. बघत बसली. मग कुकरची शिट्टी झाली म्हणून उठली, आणि कुकर बंद केल्यावर फोनकडे आलीच नाही.

पुढची बातमी दादाने ऑफिसातून आल्या आल्या सांगितली. त्याला इमारतीच्या वॉचमनचा फोन आला होता. मावशी काल घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, सकाळची पडलेली ती संध्याकाळी सापडली. आता हॉस्पिटलमध्ये आहे.

"दिवसभर?" वहिनी म्हणाली.

"दिवसभर. शेजारी ती मंडळी असून कुणाला पत्ता नाही बघ. काय माणसं असतात!" दादा चिडून म्हणाला.

वहिनीच्या ओठांवर आलं होतं, की त्या माणसांचा दोष नाही हो. पण ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याने दादाच्या मनात त्या माणसांविषयी जे बसलं ते तसंच राहिलं. जेवताना तिने ताट तसंच बाजूला सारलं. दादाला वाटलं, मावशीच्या काळजीने.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हॉस्पिटलमध्ये पोचली. वॉर्डात आठ खाटा, खिडकीशेजारची मावशीची. एवढी मोठी बाई चादरीखाली पोराएवढी दिसत होती. खाटेशी स्टुलावर बसून जुळ्यांची आई तिला चमच्याने सूप भरवत होती. वहिनीला बघून ती उठली, पदराला हात पुसले आणि वहिनीला बसायला जागा दिली. मावशीचे डोळे मिटलेले होते.

"औषधाने गुंगी आहे," जुळ्यांची आई हळू आवाजात म्हणाली. मग तिला राहवलं नाही. बांध फुटल्यासारखी ती बोलायला लागली.

"वहिनी, आमच्या आधीच्या घरी खालचे लोक काठीने छत ठोकायचे हो. मुली जरा धावल्या की ठोक, चमचा पडला की ठोक. शेवटी मालकाने घर सोडायला लावलं. इथे आलो तर पहिल्याच सकाळी भिंत वाजली. मला वाटलं, झालं! इथेही तेच. मी मुलींना गप्प केलं. तरी या ठोकतच राहिल्या. मग मी मुलींना अनवाणी चालायला शिकवलं, कुजबुजायला शिकवलं. तरी रोज सकाळी ठोकायच्याच. या समोर दिसल्या की मी तोंड लपवून पळायचे. आणि परवा..."

तिला हुंदका आला. शेजारच्या खाटेवरची बाई मान वळवून बघायला लागली.

"परवा सकाळपासून थांबेचनात. मला वाटलं, आज फारच चिडल्यात. यांना शांत पडू द्यावं म्हणून मी मुलींना घेऊन बागेत गेले, वहिनी. दिवसभर बागेत बसले. संध्याकाळी आलो तरी ठोकणं चालूच, पण अगदी हळू. तेवढ्यात हे कामावरून आले. म्हणाले, अगं, हा आवाज जमिनीलगत येतोय. तक्रार करणारा माणूस एवढ्या खालून कशाला ठोकेल? आणि मग यांनी दार तोडलं."

वहिनी मावशीच्या हाताकडे बघत बसली. बोटांच्या सांध्यांवर पट्ट्या होत्या. काठी हातातून सुटून लांब गेली असणार, म्हणून मुठीने ठोकलं असणार. आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं नाही, ही तर या दोघींचीच रीत.

"वहिनी, तुम्ही इतकी वर्षं राहिलात तिथे," जुळ्यांच्या आईने डोळे पुसत विचारलं, "तुमच्या वेळी या ठोकायच्या का?"

वहिनीने तोंड उघडलं. तिच्याआधी खाटेवरून आवाज आला.

"नाही गं पोरी." मावशीचे डोळे अजून मिटलेलेच होते. "हिच्या वेळी कशाला ठोकेन? तेव्हा मी चांगली धडधाकट होते."

आणि इथे वहिनीला काय वाटलं ते सांगायलाच हवं, कारण पुढे आयुष्यभर तिला त्याचीच लाज वाटणार होती. तिला सुटल्यासारखं वाटलं. सुंठेवाचून खोकला गेला. पण ते सुटणं एका श्वासापुरतंच टिकलं. मग तिला कळलं, की मावशीला सगळं समजलंय. या पोरीचं रडगाणं तिने पडल्या पडल्या ऐकलं असणार आणि वहिनीने कुणाला काही सांगितलंच नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं असणार. ते कळूनही तिने वहिनीला झाकलं.

जुळ्यांच्या आईचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे आमच्याच वेळी," एवढंच ती पुटपुटली आणि वाटी धुवायला बाहेर गेली.

दोघीच राहिल्यावर मावशीने डोळे उघडले. वहिनी शिव्यांची वाट बघत होती. मावशीने शिव्या दिल्या असत्या तर तिने पायावर डोकं ठेवलं असतं, मोकळी झाली असती.

"घर चांगलं आहे ना गं?" मावशीने विचारलं. "उजेड येतो ना?"

"येतो," वहिनी म्हणाली.

"बरं झालं. माझ्या घराचं काही खरं नाही आता. डॉक्टर म्हणतात एकटीला राहता येणार नाही. भाचा एका वृद्धाश्रमाशी बोलतोय." तिने पुन्हा डोळे मिटले. "तिथे म्हणे प्रत्येकीला वेगळी खोली असते."

वहिनी उठली. कॉरिडॉरच्या टोकाला नळावर जुळ्यांची आई वाटी धूत होती. ती केव्हाच स्वच्छ झालेली वाटी पुन्हा पुन्हा धूत होती. वहिनी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. निघून जाता आलं असतं. बस पाचच मिनिटांत होती. दादाला काही माहीत नव्हतं, मावशी बोलणार नव्हती, आणि ही पोर स्वतःलाच दोष देत आयुष्य काढणार होती. वहिनीला वाटलं, एवढं मात्र आपल्याकडून होणार नाही. खरं तर तेही होऊन गेलं असतं. नळ बंद करून जुळ्यांची आई तिच्याकडे वळली नसती, तर कदाचित झालंही असतं.

"त्या रोज ठोकायच्या," वहिनी म्हणाली.

"काय?"

"रोज सकाळी. मी उठले, जिवंत आहे, एवढंच सांगायला. मी इकडून ठोकून उत्तर द्यायचे. तुम्हाला हे सांगायचं मी त्यांना कबूल केलं होतं. नाही सांगितलं. त्यांनी फोन करून विचारलं, तेव्हा सांगितलंय म्हणून थाप मारली. तुमची काही चूक नाही. सगळी माझी आहे."

जुळ्यांची आई ओरडेल, लोक जमतील, असं वहिनीला वाटलं. तिला तेही चाललं असतं.

"का नाही सांगितलंत?"

"भिंत पातळ आहे हे कळलं असतं. मग तुम्ही घर घेतलं नसतं."

"घेतलं असतं की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच वहिनीला ते सोसवेना. "आम्हाला आठ दिवसांत घर सोडायचं होतं. दुसरं कुठलंच परवडत नव्हतं. तुम्ही भिंतच नाही म्हणाला असता ना वहिनी, तरी घेतलं असतं."

वॉर्डातून नर्सने कुणाला तरी हाक मारली. जुळ्यांच्या आईने वाटी झटकली, आत जायला निघाली आणि दाराशी थांबली.

"आणि मुलींना किती आवडलं असतं," ती म्हणाली. "ठोकायचं म्हटलं की त्या एका पायावर तयार. परवा दिवसभर बागेतसुद्धा बाक वाजवत होत्या. मीच त्यांचे हात धरून बसले होते."